येत नव्हती की घालत नव्हता

४ मार्च

बाईसाहेब,

'प्रिय' लिहायला गेले तर हात लुळा पडेल, आणि हल्ली अवयव लुळे पडायची मला धास्तीच बसली आहे. म्हणून नुसतं बाईसाहेब.

तुमचं पत्र मिळालं. सोबतची तुमच्या जबाबाची प्रतही वाचली. अक्षर सुरेख आहे हो. रंगाऱ्याला नीटनेटक्या अक्षराची बायको मिळाली, आनंद आहे. माझं अक्षर बघून तो म्हणायचा, कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडलीय.

तर तुमचं म्हणणं असं, की आपल्या रंगाऱ्यानं (चुकलं, तुमच्या रंगाऱ्यानं) लस टोचून घेतली आणि पुढच्या आठवड्यात सकाळी उठला तर चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. डोळा मिटेना, ओठ जुळेनात. लसीमुळे झालं की नुसतंच झालं, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत म्हणे. पण तुम्ही भरपाई मंडळाकडे दावा लावलात, वर्षभर खेटे घातलेत, आता गोष्ट तडजोडीपर्यंत आली होती, आणि ऐन वेळी ही आधीची बायको आडवी आली.

मी आडवी आले नाही. मी माझ्या दुकानात उभी होते. एका आजोबांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती आवळत होते, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. पलीकडे समोरच्या बाजूचा वकील. गोड माणूस. 'तुम्ही त्यांच्यासोबत बरीच वर्षं होतात, त्यांच्या ओठांना आधीपासून काही त्रास? शीळ वगैरे घालायचे का?' मी म्हटलं, 'शीळ? त्याला? येतच नव्हती.' तो म्हणाला, 'आभारी आहे.' संपलं. यात मी तुमचं काय घोडं मारलं?

आणि शिळेचं खूळ काढलंत तुम्ही. मी नाही. तुमच्याच जबाबात आहे, तुमच्याच सुरेख अक्षरात: 'लस घेण्यापूर्वी हे रोज संध्याकाळी कामावरून आले की जिन्याखालून शीळ घालायचे. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर जाणारी. मग धाप जाईपर्यंत जरा वेळ खालीच थांबायचे आणि वर यायचे. तोवर मी चहा ठेवायचे. आता ओठच मिटत नाहीत, शीळ गेली.' वाचून माझे डोळे भरून आले. चहाच्या वाफेनं असेल.

तुमच्या घरी तो कोकीळ असेल. माझ्या घरी मुका होता. जे मला माहीत, ते मी सांगितलं. पुन्हा पत्र पाठवू नये.

आधीची

ता. क. धाप? दिवसभर शिडीवर चढउतार करणाऱ्या माणसाला जिन्याखाली उभ्याउभ्या धाप लागते, हे नवीनच ऐकलं.


११ मार्च

बरं, आता तुम्ही-बिम्ही पुरे. तू मला 'तुमच्या पोटात दुखतंय' असं लिहिलंस, म्हणजे आपली ओळख चांगलीच वाढली. मीही तू म्हणते.

हो, दुखतंय. पोटात दुखतंय, डोक्यात जातंय, तळपायाची आग मस्तकाला जातेय. तुला आमचं सुख बघवत नाही, असं तू लिहिलंस. बघवत नाहीच. कोणी सांगितलं बघवतं म्हणून?

आणि मी ते बघितलंय, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात रंगाच्या दुकानापलीकडच्या चहाच्या टपरीवर तुम्ही दोघं उभे होतात. मी रस्त्याच्या या बाजूला, चष्म्याच्या काचांचं पार्सल घेऊन. त्याच्या डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी. चहा प्यायला तर वाकड्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. तू पर्समधून रुमाल काढलास आणि त्याचं तोंड पुसलंस. भर रस्त्यात. आणि तो पुसू देत होता! मान पुढे करून, लहान मुलासारखा. अगं, माझ्याकडे असताना ताप भरला तरी तो कपाळाला हात लावू द्यायचा नाही. 'नाटकं नकोत' म्हणायचा. मी तिथे पार्सल धरून उभी, आणि मला काय वाटलं सांगू? अरेरे वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा रुमाल आपला का नाही.

तर पोटदुखीचं हे असं आहे. औषध सापडलं तर कळव.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. तुझी वकीलबाई म्हणते, की माझ्या एका वाक्यावर समोरच्यांनी पाय रोवलेत. 'शीळ येतच नव्हती' म्हणजे ओठ आधीपासूनच अधू, म्हणजे लसीचा संबंध नाही, म्हणजे तडजोड नाही. हे असं होईल हे मला कुठे ठाऊक होतं? मी शिळेबद्दल बोलले, त्यांनी ओठाबद्दल ऐकलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

पण खरं सांगू, मला एका गोष्टीचा फार राग आला आहे. त्याला काहीतरी झालं, तर तुम्हाला मंडळ आहे, वकीलबाई आहे, जबाब लिहायला छापील कागद आहेत. काय होतं आणि काय गेलं, हे विचारणारं कुणीतरी आहे. माझं गेलं तेव्हा कुठलं मंडळ बसलं होतं? शेजारीण तेवढी आली होती, तीही माझी मोठी कढई परत मागायला. माझ्या नुकसानीची भरपाई कुठल्या खिडकीवर मिळते तेवढं तुझ्या वकीलबाईला विचारून ठेव.

लस मीही घेतली. तीच. दंड दोन दिवस ठणकला आणि गेला. आमच्या दुकानातल्या सगळ्यांनी घेतली, कोणाला काही नाही. मग त्यालाच का, असं तू विचारलंस. मला काय माहीत? मी चष्मे बसवते. रोज चाळीसेक तोंडं हातात धरते, आणि सांगते तुला, कोणाचंच तोंड सरळ नसतं. एक कान वर, एक खाली. नाक कुठे तरी भलतीकडेच निघालेलं. त्याचाही डावा कान उजव्यापेक्षा जरा वर होता. पण ओठ... ओठ सरळ होते.

हे मी तुला सांगते आहे. वकिलाला नाही.

मी खोटं बोलले नाही एवढं लक्षात ठेव. माझ्या घरात शेवटची कित्येक वर्षं मी त्याची शीळ ऐकली नाही. नाही ऐकली तर काय सांगू?

आधीची


२० मार्च

तुझी वकीलबाई चांगली इरसाल आहे. काल दुकानात आली, म्हणाली चष्मा बघायचाय. मी पाच फ्रेमी दाखवल्या, नाकावरचं माप घेतलं, आणि मग म्हणते, 'मला नंबर नाहीये.' ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. आमचे मालक काउंटरमागून बघतायत, मी फ्रेमी परत डब्यात ठेवतेय, आणि ती बोलतेय.

तिनं मला जे सांगितलं ते तू पत्रात लिहिलं नव्हतंस. का नाही लिहिलंस? तो डोळा मिटत नाही म्हणून कोरडा पडतो. छताचा जुना रंग खरवडताना सगळी धूळ वरून खाली येते, ती थेट उघड्या डोळ्यात. एकदा जखम झाली. पुन्हा झाली तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून छतं बंद, शिडी बंद. आता तो फक्त कुंपणांना आणि फाटकांना रंग देतो, तेही कोणी बोलावलं तर. आणि तू दोन ठिकाणी कामाला जातेस.

अगं, छत म्हणजे त्याचा जीव. तुला माहीत असेलच, तुला सगळंच माहीत असतं. भिंत कोणीही रंगवतं म्हणायचा. छताला ब्रशची एक रेघ दिसली नाही पाहिजे. काम झालं की खाली जमिनीवर उताणा पडून बघत राहायचा. मीही त्याच्या शेजारी पडायचे. डोक्याला रंग लागायचा. असो.

मग वकीलबाईनं मला सरळ विचारलं. 'ताई, एकच सांगा. त्यांना शीळ येत नव्हती, की ते घालत नव्हते?'

मी फ्रेम खाली ठेवली. म्हटलं, 'दोन्हीचा अर्थ एकच.'

ती म्हणाली, 'नाही. येत नव्हती म्हणजे ओठाचा दोष. घालत नव्हते म्हणजे...' आणि थांबली. शहाणी बाई. वाक्य मला पूर्ण करायला ठेवलंन.

घालत नव्हता म्हणजे काय, हे मी चार लोकांत सांगायचं? कागदावर लिहून द्यायचं, खाली सही करायची? की माझ्या नवऱ्याला सगळं येत होतं, फक्त माझ्यासाठी करायची इच्छा उरली नव्हती? आणि तू तिथे बाजूच्या खुर्चीत बसून ऐकणार, रुमाल हातात घेऊन?

येत नव्हती म्हटलं की सोपं पडतं गं. नाही येत बिचाऱ्याला. त्यात माझं काही जात नाही.

अठ्ठावीस तारखेला तडजोडीची शेवटची बैठक आहे, मला बोलावणं आलंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हे तर कोर्टही नाही, नुसतीच पायरी. येईन की नाही ते आत्ता सांगत नाही. मनाविरुद्ध मी कधी कुणाचं ऐकलेलं नाही, आणि मनात काय आहे ते अजून मलाच कळलेलं नाही.

आधीची


३० मार्च

'आत काय झालं ते हे सांगत नाहीत, तुम्हीच सांगा,' असं तू लिहितेस. तो काय सांगणार?

पहिलं चष्म्याचं सांगते, कारण ते तू पाहिलंस आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. बाहेरच्या बाकावर तुम्ही दोघं बसला होतात, मी आले. त्याच्या डोळ्यावर तो बाजूनं झाकलेला चष्मा होता, धुळीचा. माझ्या दुकानात पाऊल टाकायला नको म्हणून पलीकडच्या चौकातून घेतलात, कळलं मला. बसवणाऱ्यानं दोन्ही दांड्या सारख्या ठेवल्या होत्या. त्याचा डावा कान वर आहे, मग चष्मा वाकडाच बसणार ना! माझ्यानं राहवलं नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही, मी सरळ त्याच्या तोंडावरून चष्मा काढला, दांडी अंगठ्यानं वाकवली, पुन्हा चढवला. मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. तू ओठ आवळून दुसरीकडे बघत होतीस. कशी लागली जिव्हारी? मला मेलीला त्याचं बरंच वाटलं. आता वाटत नाही. त्या वेळी फार वाटलं.

मग एका साक्षीदारानं दुसऱ्यासमोर बोलायचं नाही म्हणून मध्यस्थांनी तुला बाहेरच थांबवलं. दार लागलं. आत तो, मी, दोन वकील, आणि मध्यस्थ म्हणून एक वयस्कर बाई, गळ्यात साखळीला बांधलेला चष्मा. त्या चष्म्याचा डावीकडचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता. मी सगळा वेळ त्या स्क्रूकडेच बघत बोलले.

त्यांनी विचारलं, 'तुम्ही फोनवर म्हणालात की यांना शीळ येतच नव्हती. बरोबर?'

मी म्हटलं, 'बरोबर.'

तो समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाच्या लाकडावर नखानं रंग खरवडावा तसं करत होता. आणि मला वाटलं, चल, आता म्हणायचं 'बरोबर' आणि उठायचं. घरी जायचं. माझी बाजू कधी कोणी ऐकून घेतली होती, की मी कोणाची घेऊ?

मग त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. रडत नव्हता गं. तो डोळा असाच वाहतो ना. त्यानं खिशातून तुझा रुमाल काढला आणि स्वतःच पुसला. त्याला डोळ्याचा कोपरा सापडेना.

मी म्हटलं, 'आधी येत नव्हती. मग मी शिकवली.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तर ऐक, जे आत सांगितलं तेच तुला सांगते. माझे वडील मालाच्या गोदामावर पहारेकरी होते. गोदाम लांबलचक. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला त्यांचा जोडीदार. अधूनमधून एकानं शीळ घालायची: दोन आखूड, एक लांब, वर जाणारी. म्हणजे, 'मी इथे आहे, तिकडे ठीक?' मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे, तिथे शिकले. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये. माझी शीळ तिच्या बोलण्यापेक्षा मोठी होती.

लग्नानंतर आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खालच्या दाराला कुलूप, घंटा नाही, किल्ली घरात एकच. रंगारी घरी आला की खालून नावानं हाका मारायचा, अख्खी गल्ली खिडकीत यायची. मी म्हटलं, शीळ शीक. त्याला येईना. ओठांचा चंबू करून फुंकायचा आणि नुसती हवा. मी हसून हसून लोळायचे. मग एक दिवस आली. त्या दिवसापासून तो खालून शीळ घालायचा, मी जुन्या मोज्यात किल्ली बांधून खिडकीतून टाकायचे.

पुढे आमचं बिनसलं. कशावरून ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एक दिवस त्यानं किल्लीवाल्याकडून स्वतःची वेगळी किल्ली करून आणली. खालचं दार उघडायचा, वर यायचा, जेवायचा, झोपायचा. शीळ संपली. मी हे सगळं सांगितलं, आणि म्हटलं, 'लिहून घ्या. येत होती. घालत नव्हता. माझ्यासाठी घालायची बंद केली होती. आता झालं समाधान?'

मध्यस्थबाईंनी लिहायचं थांबवलं. पण समोरचा वकील, तोच तो गोड माणूस, म्हणाला, 'बाई, तुम्ही आज हे सांगता, त्या दिवशी ते सांगितलंत. यातलं खरं कोणतं, हे आम्ही कसं ठरवायचं?'

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले, खिडकीकडे तोंड केलं आणि घातली. या वयात, चार शिकलेल्या माणसांसमोर, छताला धडकून परत येईल अशी. दोन आखूड, एक लांब.

आणि मी वळले तर तो. ओठांची उजवी बाजू आपोआप गोल झालेली, डावी तशीच लोंबती. गाल फुगवून फुंकत होता. फुस्स. नुसती हवा. पहिल्या दिवसांसारखी. त्याला कळतही नव्हतं की आपण फुंकतोय.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि तू आत.

अगं, काय चेहरा होता तुझा! मी आयुष्यात कुणाचा इतका आनंद इतक्या जवळून पाहिला नाही. 'आली? तुमची शीळ आली?' म्हणत तू त्याच्याकडे धावलीस. मग तुला दिसलं की त्याच्या तोंडातून हवा येतेय आणि खिडकीशी मी उभी आहे.

तू बाहेरून नुसत्या आवाजावरून त्याची म्हणून ओळखलीस, याहून मोठा पुरावा कुठला? गोड माणसानं पेनाला टोपण लावलं.

मी जिंकले, असं मला जिना उतरेपर्यंत वाटत होतं. तुझी म्हणून जी शीळ तू जबाबात लिहिलीस ती माझी निघाली. सगळ्यांसमोर निघाली. रस्त्यावर आले आणि तुझा तो दारातला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

आधीची


१७ एप्रिल

तडजोड झाली हे वकीलबाईकडून कळलं. कोणाची चूक कोणी मानली नाही, पण डोळ्याचे उपचार निघतील आणि तुला एक काम सोडता येईल, एवढं झालं. बरं झालं. हे मी मनापासून लिहितेय. ओठात एक आणि पोटात एक असं आज नाही.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. अक्षर या वेळी सुरेख नव्हतं. 'ती शीळ तुमची होती हे मला माहीत असतं तर मी ती जबाबात लिहिली नसती. आता हे खालून येतात तेव्हा मला वाटतं, हे तुमच्याच दाराशी उभे आहेत,' असं लिहिलंस. वर म्हणतेस की तोंडाचे व्यायाम शिकवणारी बाई त्याला रोज शीळ घालायचा प्रयत्न करायला सांगते, तो तुझ्यासमोर लाजतो, आणि तुला येत नाही म्हणून तुला दाखवताही येत नाही. आणि शेवटी, किती कष्टानं लिहिलं असशील ते मला दिसतंय: 'मला शिकवाल का?'

आधी वाटलं, नाही म्हणावं. एवढी एकच गोष्ट माझ्यापाशी उरली आहे, तीही हिला देऊन टाकू? रुमाल तुझा, चहा तुझा, माणूस तुझा. दोन दिवस मी रागानं दुकानात लोकांच्या दांड्या नको तेवढ्या आवळल्या. मालक म्हणाले, 'गिऱ्हाइकांचे कान तुटतील.'

पण तुला एक सांगायचं राहिलंय. आत सगळ्यांसमोर ते मी मुद्दाम सांगितलं नाही. तुझा जबाब पहिल्यांदा वाचला त्याच दिवशी मला ते कळलं होतं, आणि तेव्हापासून मी ते मुठीत धरून बसले होते. तू वाच आणि हवं तेवढं जळ. मी वर्षानुवर्षं जळलेय, कोणी मरत नाही.

गोदामावर एकाच शिळेनं काम संपायचं नाही. एकानं विचारायचं, 'तिकडे ठीक?' मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर उलटं: एक लांब, दोन आखूड, शेवटी खाली येणारी. म्हणजे, 'इकडे ठीक.' आमच्या घरीही तसंच. तो खालून घालायचा, मी वरून उत्तर द्यायचे, आणि मग किल्ली टाकायचे. उत्तर येईपर्यंत तो खाली उभा राहायचा.

तू लिहिलंस, शीळ घालून तो जरा वेळ खालीच थांबायचा. धाप जाईपर्यंत. तुमच्या खालच्या दाराला कुलूप नाही, वकीलबाईनं सांगितलं मला. किल्ली लागत नाही. त्याला धाप लागत नव्हती गं, बाई. तो उत्तराची वाट बघत होता.

माझ्या उत्तराची, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. त्या एका वाटण्यावर मी सगळा मार्च महिना काढला. आता तसं वाटत नाही. माझ्या उत्तराची वाट बघायची असती तर त्यानं किल्ली करून आणली नसती. त्याला फक्त वरून कोणीतरी 'इकडे ठीक' म्हणायला हवं होतं. तू चहा ठेवत होतीस, तुला माहीत नव्हतं, म्हणून तो तेवढ्यावर वर येत होता. आता तुला माहीत झालंय.

म्हणून मी तुला त्याची शीळ शिकवणार नाही. ती त्याची त्याला परत येईल तेव्हा येईल. तुला उत्तर शिकवते. रविवारी दुकान बंद असतं, दुपारी ये. त्याला आणू नकोस. चहा मी करीन, आणि तो तुझ्याइतका चांगला होतो की नाही ते सांगायचं नाही.

तोवर घरी एवढं कर. ओठ ओले करायचे. गरम चहावर फुंकर घालताना काढतो तेवढेच पुढे काढायचे, जास्त नाही. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवायचं. जोर लावायचा नाही, जोर लावला की बिघडतं. आरशासमोर उभी राहू नकोस, स्वतःचं हसू येतं.

आणि संध्याकाळी तो आला, की तू वर खिडकीत उभी राहा. खालून शीळ येणार नाही, ठाऊक आहे. तो फुंकेल आणि नुसती हवा येईल, ती तुला ऐकूही येणार नाही. तरी तू उत्तर दे, येईल तसं दे. तुझीही पहिले काही दिवस हवाच येईल. त्यानं काही बिघडत नाही. त्यालाही शिकताना हवाच येत होती, ती काय तीन मजले वर पोचणार होती? मी त्याच्या वेळेला खिडकीतच असायचे, आणि किल्ली टाकायचे.

थोरली